मे महिन्यातला इंग्रजीचा पेपर

लीड्सच्या रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलं की समोर सिटी स्क्वेअर लागतो. मधे घोड्यावर बसलेला ब्लॅक प्रिन्स आणि भोवती काही थोरामोठ्यांचे पुतळे. त्यांतला एक जोसेफ प्रीस्टलीचा. प्राणवायूच्या शोधाच्या धड्यात आपण सगळ्यांनी हे नाव वाचलेलं आहे. १७६७ ते १७७३ या काळात तो इथल्या मिल हिल चॅपलमध्ये धर्मोपदेशक होता. घराशेजारी बिअरचा कारखाना होता, तिथल्या वायूवर प्रयोग करता करता त्याने सोडावॉटर तयार केलं. हेही पुष्कळांना ठाऊक असतं. पण याच गृहस्थाने १७६१ साली विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी व्याकरणाचं एक छोटं पुस्तक लिहिलं होतं, ते मात्र फारसं कुणाच्या गावी नसतं. त्याचं म्हणणं असं की लॅटिनचे नियम इंग्रजीच्या गळ्यात बांधू नका, माणसं भाषा जशी वापरतात ती पाहा आणि त्यावरून नियम काढा. आज लीड्समधल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलांना दर मे महिन्यात व्याकरणाचा जो पेपर सोडवावा लागतो, तो या माणसापुढे ठेवायला हवा होता!

ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इयर सिक्स, म्हणजे प्राथमिक शाळेचं शेवटचं वर्ष. मे महिन्यातल्या एका आठवड्यात सॅट्स या परीक्षा होतात. सोमवारी व्याकरण आणि विरामचिन्हांचा पेपर, ५० गुण, ४५ मिनिटं. त्याला जोडून स्पेलिंगचे २० शब्द. मंगळवारी वाचनाचा पेपर, तीन उतारे, ५० गुण, एक तास. मग गणित. निबंधाचा पेपर नाही. लेखन शिक्षक वर्षभराच्या कामावरून पाहतात. गुणांचं रूपांतर ८० ते १२० या पट्टीवर करतात आणि १०० ला अपेक्षित पातळी मानतात.

आता आपल्या मराठी मंडळींचा एक गोड गैरसमज. चौथीच्या स्कॉलरशिपच्या आठवणी घेऊन आपण इथे आलेलो असतो, त्यामुळे या परीक्षेवर मुलाची पुढची शाळा ठरते असं आपण धरून चालतो. तसं नाही. सेकंडरी शाळा कोणती मिळाली याचं पत्र १ मार्चच्या सुमाराला घरी येतं आणि परीक्षा असते मे महिन्यात. लीड्समध्ये सरकारी ग्रामर स्कूलही नाही. हॅलिफॅक्स, हेकमंडवाइक, रिपन, स्किप्टन इथली आहेत, पण त्यांच्या प्रवेशपरीक्षा वेगळ्या आणि त्याही साधारण सप्टेंबरात उरकतात. तेव्हा फेब्रुवारीतच ज्या घरात टीव्ही बंद झाला असेल, त्यांनी तो जरूर लावावा.

तरीही तयारी करायची असते, आणि करावी. प्रश्न आहे तो कशाची किती करायची याचा. माझं मत आधीच सांगून टाकते. व्याकरणाच्या पेपरात आपण मराठी आईबाप गरजेपेक्षा जास्त घाम गाळतो आणि वाचनाच्या पेपराला तो उरत नाही.

व्याकरण आपल्या हातचा मळ आहे. आपल्यातले जे मराठी माध्यमातून शिकले त्यांनी पाचवीत एबीसीडी गिरवली, पण दहावीपर्यंत अ‍ॅक्टिव्हचं पॅसिव्ह आणि डायरेक्टचं इन्डायरेक्ट डोळे मिटून करायला लागले. घरात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, कपाटात रेन अँड मार्टिन होतं. त्यातले रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होते, म्हणजे तेही एका अर्थी आपलेच. आणि त्याआधी, १८३६ साली, दादोबा पांडुरंगांनी मराठीचं व्याकरण लिहिलं तेच मुळी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. त्यामुळे नाम, सर्वनाम, क्रियाविशेषण ही खाती आपल्या डोक्यात आधीच पाडलेली आहेत. इथे जन्मलेल्या कितीतरी पालकांना शाळेत व्याकरण असं नावाने शिकवलेलंच नाही. शाळेच्या फाटकापाशी 'फ्राँटेड अ‍ॅडव्हर्बियल' हा शब्द निघाला की इंग्रज आया घाबरून जातात. वाक्याच्या सुरुवातीला आलेलं क्रियाविशेषण आणि त्यानंतर स्वल्पविराम, एवढंच ते असतं.

मंत्री लोकही यातून सुटलेले नाहीत. व्याकरणाची ही परीक्षा २०१३ पासून सुरू झाली. २०१६ च्या मे महिन्यात बीबीसीच्या रेडिओ फोरवर मार्था कर्नी यांनी तेव्हाचे शाळाखात्याचे मंत्री निक गिब यांना ऐन मुलाखतीत एक प्रश्न टाकला. जेवण झाल्यावर मी सिनेमाला गेलो, अशा अर्थाचं वाक्य. त्यातला 'आफ्टर' काय आहे? गिब म्हणाले, प्रेपोझिशन. चूक. 'आफ्टर डिनर' असतं तर प्रेपोझिशन, पण इथे 'आफ्टर'च्या मागून कर्ता-क्रियापदासकट अख्खं उपवाक्य येतं, म्हणून ते उभयान्वयी. हा प्रश्न आजही पेपरात या ना त्या रूपात येतो. यात मला मात्र गिबसाहेबांची दया येते. आपण मराठीत 'जेवल्यानंतर' म्हणतो आणि 'नंतर' हे आपल्याकडे सरळ शब्दयोगी अव्यय. गिबसाहेब सातारचे असते तर त्यांचं उत्तर बरोबर धरलं गेलं असतं. आपली मुलं नेमकी इथेच घसरतात ती यामुळे. तेव्हा 'आफ्टर', 'बिफोर', 'अंटिल', 'सिन्स' या चौघांवर एखादी संध्याकाळ खर्च करायला हरकत नाही. पुढे नाम आहे की पूर्ण उपवाक्य, एवढं पाहायला शिकवलं की झालं.

दुसरी अडचण लीड्सची खास. इथल्या मैदानावर आपलं पोर जे इंग्रजी उचलतं ते यॉर्कशरचं. 'आय वॉज'च्या जागी सर्रास 'आय वेअर'. 'द' तर अर्धा गिळलेला असतो. भारतातून आलेले आजोबाही 'गो टू शॉप' म्हणतात, कारण मराठीत आर्टिकल नाही, आणि शेजारचे यॉर्कशरवालेही जवळजवळ तसंच म्हणतात. दोघांचं छान जमतं. पेपरात मात्र 'स्टँडर्ड इंग्लिशमधलं वाक्य निवडा' असा प्रश्न असतो आणि तिथे 'आय वेअर'वर फुली. पण याच पेपरात सब्जंक्टिव्हही विचारतात, 'इफ आय वेअर यू' वगैरे. तिथे 'वॉज' चालत नाही, 'वेअर'च लागतं. लंडनची मुलं हे घोकतात, आपल्या लीड्सच्या पोरांच्या तोंडात ते आयतंच असतं.

गंमत अशी की ज्या बोलीवर पेपरात फुली पडते, ती जपून ठेवण्याचं मोठं काम याच शहरात झालं. लीड्स विद्यापीठाच्या हॅरल्ड ऑर्टन यांनी १९५० ते १९६१ या काळात ३१३ ठिकाणी माणसं पाठवून, म्हाताऱ्या शेतकऱ्यांपुढे हजारावर प्रश्नांची यादी ठेवून, तोंडची इंग्रजी टिपून घेतली. म्हणून मुलाला 'असं बोलू नकोस, गावंढळ वाटतं' असं सांगू नका. 'हे मैदानावरचं, ते पेपरातलं' एवढं पुरतं. आपली मुलं घरात मराठी आणि दाराबाहेर इंग्रजी असा कपडे बदलल्यासारखा बदल रोज करतात, त्यांना हे समजायला एक मिनिट लागत नाही.

स्पेलिंगचं फार बोलत नाही. पाचवी-सहावीसाठी अभ्यासक्रमात १०० शब्दांची यादी दिलेली आहे, 'यॉट', 'ऱ्हिदम', 'रेस्टॉरंट' अशा खट्याळ शब्दांची. आपण लहानपणी 'वेड-नेस-डे' असं अक्षरागणिक म्हणून पाठ करायचो आणि कॉलेजात गेल्यावर त्याबद्दल हसं झालं. आता इथल्या शिक्षिका मुलांना मनातल्या मनात तसंच म्हणायला सांगतात.

वाचनाच्या पेपराकडे येते. मी आठवड्यातून एका सकाळी एका प्राथमिक शाळेत मुलांचं वाचन ऐकायला बसते. आपली मराठी मुलं वाचतात कशी? गडगड. एकही शब्द अडत नाही. आईबाबांनी दिलेल्या व्होकॅब्युलरीच्या याद्या पाठ, 'रिलक्टंट' म्हणजे काय विचारा, उत्तर तयार. आणि मग असा एखादा उतारा पुढे येतो. हा मी रचलेला आहे, पण पेपरातले याच जातीचे असतात. पावसाळी सकाळ आहे. मेरीने पोस्टमनकडून पाकीट घेतलं, पत्र वाचलं, घडी घालून पुन्हा आत ठेवलं. मग कोट न घालताच ती कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर गेली. दाणे संपले तरी ती रिकामी परात धरून तशीच उभी होती. प्रश्न येतो: पत्र वाचून मेरीला काय वाटलं? उताऱ्यातला पुरावा द्या. गुण तीन.

आपला मुलगा लिहितो, 'शी वॉज सॅड.' फार तर एक गुण. तीन गुणांना दोन मुद्दे लागतात आणि त्याला उताऱ्यातला आधार लागतो. पावसात कोट विसरली, म्हणजे तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. परात रिकामी झाली तरी हलली नाही, म्हणजे पत्रातलं काहीतरी मनातून जात नव्हतं. यात अवघड शब्द एकही नाही. शब्दांच्या याद्या इथे उपयोगी पडत नाहीत. काही मुलं तर उलट टोकाला जातात, 'तिची आजी वारली असेल' असं लिहून मोकळी होतात. उताऱ्यात आजी कुठेच नाही! शब्दांवरचे प्रश्न असतात, पण तेही त्या ओळीतला अर्थ विचारतात. 'एक शब्द शोधून उतरवा' म्हटलं असताना अख्खं वाक्य उतरवलं तर गुण मिळत नाही. हे आपल्या मुलांचं फार होतं, कारण जास्त लिहिलं की जास्त गुण ही शिकवण आपलीच.

२०२३ चा पेपर आठवतो? टेक्ससमधल्या पुलाखालची वटवाघळं आणि मेंढ्या पळवणारे चोर. उतारे मिळून दोन हजारांवर शब्द होते. देशभर मुलं रडली, कितीतरी जणांचा शेवटचा उतारा राहिला, मुख्याध्यापकांनी जाहीर नाराजी दाखवली. त्यानंतर घरोघरी मिनिटात किती शब्द वाचतो ते मोजण्याची टूम निघाली. वेग हवा, नाही म्हणत नाही. पण तो गोष्टीची पुस्तकं वाचून येतो, घड्याळ लावून येत नाही. लीड्सच्या ग्रंथालयांत मुलांना कार्ड फुकट आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा पुस्तकं वाचण्याचा समर रीडिंग चॅलेंज असतो, त्यात नाव घाला. जाड वर्कबुकं विकत आणू नका. जुने पेपर आणि त्यांच्या उत्तरसूची सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. त्यातल्या उत्तरसूची मला पेपरांहून मोलाच्या वाटतात. कोणतं उत्तर चालेल, कोणतं चालणार नाही, हे त्यात नमुन्यांसकट दिलेलं असतं. पोराच्या हातात लाल पेन द्या आणि त्याला परीक्षक करा. तीन पेपर तपासले की 'शी वॉज सॅड' लिहिताना त्याचाच हात अडखळेल.

याच शहरात हन्सलेटच्या कामगारवस्तीत रिचर्ड हॉगार्ट नावाचा मुलगा आजीकडे वाढला. आईवडील लहानपणीच गेलेले. अकराव्या वर्षाच्या स्कॉलरशिपच्या परीक्षेत तो गणितात आपटला. त्याच्या मुख्याध्यापकांनी शिक्षणखात्याला गळ घातली की याचा इंग्रजी निबंध पुन्हा वाचा. त्यांनी वाचला, आणि हॉगार्टला कॉकबर्न हायस्कूलमध्ये जागा मिळाली. पुढे १९५७ साली त्याने लिहिलेलं 'द युजेस ऑफ लिटरसी' गाजलं. त्यात स्कॉलरशिप मिळवणाऱ्या मुलावर एक भाग आहे. घरच्यांच्या गप्पा चालू असताना त्याच खोलीत अभ्यास करणारा, आणि अभ्यासापायी हळूहळू घरच्या बोलण्यातून उठून गेलेला मुलगा. परीक्षेच्या वर्षी ज्या घरात 'आता मराठी बंद, फक्त इंग्रजीत बोल' असा फतवा निघतो, तिथे मला हा भाग आठवतो.

कारण वाचनाच्या पेपराची सगळ्यात चांगली शिकवणी इंग्रजी न येणारी आजी घेऊ शकते. मुलाने आठवड्यात वाचलेली गोष्ट तिला मराठीत सांगायची. आजी स्वस्थ ऐकून घेणारी नसते. 'मग त्या पोरीने दार का नाही उघडलं?' 'घाबरली होती.' 'कशावरून?' आणि नातवाला मागे जाऊन ती ओळ शोधावी लागते. पेपरातले प्रश्न म्हणजे दुसरं काय असतं? फक्त वेळेचं सांभाळा. हिवाळ्यात लीड्स आणि गावच्या घड्याळात साडेपाच तासांचं अंतर, मार्चअखेर इथली घड्याळं पुढे गेली की साडेचार. शाळा सुटल्यावर चहा पिऊन फोन लावाल तर आजी पेंगत असेल आणि सगळं 'हो हो' म्हणेल. शनिवारी सकाळी दहाला लावा, तिचं दुपारचं जेवण आटोपलेलं असतं.