श्वानाचा माग आणि गावाची जबाबदारी



उंद्री हे चिखली तालुक्यातील शेतकऱ्यांचे गाव. सोयाबीन आणि कापूस विकून चार पैसे घरात येण्याचा हंगाम हा जसा आनंदाचा, तसाच घरफोडीच्या धास्तीचाही असतो. अशा गावात रात्री एखादे घर फुटले, तर पहाटे काय घडते हे साऱ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. आरडाओरडा होतो, आळीतील माणसे धावून येतात, कपाट कसे फोडले हे प्रत्येकजण आत जाऊन पाहतो, कोणी कडी हाताळतो, कोणी पडलेली पहार उचलून बाजूला ठेवतो. मग पोलिसांना वर्दी जाते आणि लागलीच मागणी होते, ‘कुत्रे आणा.’ बुलढाण्याहून श्वानपथक येते. श्वान अंगणात हुंगते, पांदीपर्यंत जाते, घुटमळते आणि परत फिरते. जमलेली मंडळी निराश होतात. श्वान हुशार नव्हते असे म्हणून जो तो घरी जातो.

श्वानाला दोष देण्यापूर्वी त्याच्यासाठी गावाने काय शिल्लक ठेवले होते, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. श्वानपथकाचे निम्मे यश प्रशिक्षण केंद्रात घडत असते. उरलेले निम्मे गुन्ह्यानंतरच्या पहिल्या एक-दोन तासांत, म्हणजे पोलीस येण्यापूर्वीच, गावकऱ्यांच्या हातून घडते किंवा बिघडते.

माणसाच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी साधारणपणे ५० ते ६० लाख असतात. श्वानाच्या नाकात त्यांची संख्या जातीनुसार २० कोटींच्या घरात किंवा त्याहूनही अधिक असते. केवळ संख्येचाच हा फरक नव्हे. हुंगताना श्वान एका सेकंदात पाचपर्यंत वेळा हवा आत ओढू शकते आणि उच्छ्वासाची हवा नाकपुड्यांच्या बाजूच्या फटींतून सोडते. त्यामुळे समोरचा गंध त्या उच्छ्वासाने उधळला जात नाही. घरात वरण शिजत असेल तर माणसाला वरणाचा एकच वास येतो. श्वानाला त्यातील हिंग, मोहरी आणि हळद यांचे वास जणू वेगवेगळे येतात. म्हणूनच मिरची-मसाल्यात दडवलेली वस्तूही त्याच्यापासून सहसा लपत नाही.

माग म्हणजे तरी काय? मनुष्य चालतो तेव्हा त्याच्या त्वचेचे सूक्ष्म कण दर मिनिटाला हजारोंच्या संख्येने गळून पडत असतात. घामाचा व जंतूंचा अंश त्यांच्याबरोबर असतो. शिवाय पावलाखाली तुडवलेले गवत आणि दबलेली माती यांचाही एक ताजा गंध निर्माण होतो. या साऱ्याची एक अदृश्य रेघ जमिनीवर उमटते. रात्रीचा गारवा आणि दव तिला धरून ठेवतात. दुपारचे ऊन, वारा आणि जोराचा पाऊस ती पुसून टाकतात. शंभर माणसे त्याच अंगणातून गेली, तर शंभर नव्या रेघा त्या एका रेघेवर पडतात. पाटीवरच्या अक्षरावर शंभर मुलांनी गिरवल्यावर मूळ अक्षर वाचता येईल काय? श्वानाची अडचण नेमकी हीच असते.

श्वानांचे काम एकाच प्रकारचे नसते. गुन्हेगाराने मागे टाकलेल्या वस्तूचा अथवा पावलाचा गंध घेऊन त्याच्या मागावर जाणारे श्वान वेगळे; स्फोटके किंवा अंमली पदार्थ हुडकणारे श्वान वेगळे. पहिल्याला दर वेळी नव्या माणसाचा गंध दिला जातो. दुसऱ्याला ठराविक पदार्थांचे गंध कायमचे शिकवलेले असतात. म्हणून एका कामाचे श्वान दुसऱ्या कामास आणता येत नाही.

महाराष्ट्राला या विद्येची थोरवी १९९३ साली उमगली. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बॉम्बस्फोटांची मालिका घडली. त्यानंतरच्या शोधकार्यात मुंबई पोलिसांच्या ‘जंजीर’ या लॅब्रॅडोर जातीच्या श्वानाने ३,३२९ किलोग्रॅमहून अधिक आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसे शोधून देण्यास साहाय्य केले. त्याचे शिक्षण पुण्यात झाले होते. १६ नोव्हेंबर २००० रोजी तो निवर्तला, तेव्हा पोलीस दलाने त्यास सन्मानपूर्वक अखेरचा निरोप दिला. मराठवाड्यात बीड पोलिसांच्या ‘रॉकी’ नावाच्या श्वानाने तीनशेहून अधिक प्रकरणांच्या तपासात साथ दिली. २०२० सालच्या ऑगस्टमध्ये तो वारल्यावर पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील आपल्या भाषणात त्याचा उल्लेख केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भीषण भूकंप झाला, त्या वेळी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या ‘रोमिओ’ आणि ‘ज्युली’ या श्वानांनी ढिगाऱ्याखाली दबलेल्या सहा वर्षांच्या बालिकेचा ठाव दिला आणि ती जिवंत बाहेर निघाली.

वनांच्या रक्षणासाठीही या विद्येचा उपयोग होत आहे. २००८ सालापासून ‘ट्रॅफिक’ व जागतिक वन्यजीव निधी या संस्थांच्या प्रयत्नाने वाघ-बिबट्यांची कातडी, हाडे आणि हस्तिदंत हुंगून काढणारी श्वाने तयार केली जाऊ लागली व अनेक राज्यांच्या वनखात्यांना ती देण्यात आली. टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ शेकडो कोस चालत डिसेंबर २०१९ मध्ये याच बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला होता, हे ध्यानी घेतले म्हणजे या कामाचे महत्त्व येथील लोकांना निराळे सांगावे लागणार नाही.

असे श्वान तयार होते ते माराने नव्हे, खेळाने. पिलू साधारण सहा महिन्यांचे झाले, की चेंडूसाठी किंवा खाऊसाठी ते किती जीव टाकते हे पाहून त्याची निवड होते. भित्रे किंवा फार आक्रमक पिलू बाजूला ठेवले जाते. प्रथम एका डब्यात अपेक्षित पदार्थाचा गंध ठेवतात. शेजारी रिकामे डबे मांडतात. पिलू योग्य डब्याशी थांबले, की त्याच क्षणी चेंडू मिळतो. त्या गंधाचा अर्थ ‘आता खेळायला मिळणार’ असा त्याच्या मनात पक्का होतो. हळूहळू डबे वाढवतात, गंध उंचावर किंवा जमिनीत दडवतात, त्याला चुकवणारे अन्य वास मिसळतात. स्फोटके सापडल्यावर श्वानाने शांत बसावे, पंजाने उकरू नये, अशी शिस्त लावली जाते. कारण तेथे एक धक्काही घातक ठरू शकतो. मध्यप्रदेशात ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाचे श्वानांचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. पुण्यात राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचे केंद्र आहे. अशा ठिकाणी श्वानाबरोबर त्याच्या हस्तकालाही महिनोन्महिने शिकावे लागते. श्वान हुंगते, परंतु त्याच्या शेपटीचा, कानाचा, श्वासाचा बदल वाचण्याचे काम हस्तकाचे असते.

या शिक्षणाला स्पर्धेचीही जोड आहे. अखिल भारतीय पोलीस कर्तव्य मेळाव्यात निरनिराळ्या राज्यांची श्वाने माग काढणे, स्फोटके आणि अंमली पदार्थ शोधणे या कामांत आपले कसब पणाला लावतात. परदेशांत घरगुती कुत्र्यांसाठीही हा एक लोकप्रिय क्रीडाप्रकार झाला आहे. अमेरिकेतील अशा स्पर्धांत लवंगेच्या तेलाचा गंध दडवून ठेवतात व तो कमीत कमी वेळात शोधणाऱ्या श्वानास बक्षीस देतात. लवंग तर प्रत्येक घरच्या फडताळात असते. शाळेतील विज्ञानशिक्षकांनी रेबीजची लस टोचलेल्या एखाद्या माणसाळलेल्या कुत्र्याकडून त्याच्या मालकाच्या देखरेखीखाली हा प्रयोग करून दाखवावा. झाकणाला भोके पाडलेले पाच डबे घ्यावेत. एकात लवंगेच्या वासाचा कापूस ठेवावा. लवंग किंवा तेल कुत्र्याला खाऊ मात्र घालू नये. काही दिवसांच्या सरावाने गावठी कुत्रेही योग्य डबा दाखवू लागते. मग त्या डब्यांवरून वर्गातील तीस मुलांना हात फिरवू द्यावा, डबे उन्हात ठेवावेत आणि कुत्र्याचा गोंधळ वाढतो काय ते मुलांनाच पाहू द्यावे. घटनास्थळ का जपावे, हे त्यांना पुस्तकावाचून समजेल.

आता गावाच्या कर्तव्याकडे वळू जाता त्यात अवघड असे काहीच नाही. गुन्हा लक्षात येताच ११२ क्रमांकावर किंवा पोलीस ठाण्यात वर्दी द्यावी. कोणी जखमी असेल तर त्याचा जीव वाचवणे हे पहिले काम. त्याखेरीज कोणीही आत जाऊ नये. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये गावात पोलीस पाटील असतो. त्याने व सरपंचाने दोन विश्वासू माणसे दाराशी उभी करावीत आणि दोरी बांधून गर्दी दूर ठेवावी. चोराने टाकलेली चप्पल, फडके, पहार यांस कोणीही हात लावू नये, ती वस्तू पिशवीतही भरू नये. अंगणात पाऊल उमटले असेल तर त्यावर घमेले उपडे घालावे. अंगण झाडू नये, सडा टाकू नये. घरात कोण कोण शिरले होते त्यांची नावे लिहून ठेवावीत, म्हणजे त्यांचे गंध व ठसे वगळता येतील. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, अशी तरतूद आहे. तुडवलेल्या जागेवर तो तज्ज्ञ तरी काय गोळा करणार?

याहूनही महत्त्वाची एक गोष्ट उरते. श्वान पांदीशी घुटमळले, तर त्याचा अर्थ चोर तेथून वाहनात बसून गेला, एवढाच असू शकतो. आणि श्वान एखाद्याच्या दारात जाऊन बसले, तर? गाव त्याच क्षणी निकाल देऊन मोकळे होते. तो माणूस गरीब असेल, परगावाहून मजुरीला आलेला असेल किंवा भटक्या-विमुक्त जमातीतील असेल, तर निकाल अधिकच लवकर लागतो. ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का इंग्रजी कायद्याने मारला होता, तो कायदा १९५२ साली रद्द झाला. मनातील शिक्का मात्र सर्वत्र पुसला गेलेला नाही.

पेशवाईत गावचा जागल्या चोराच्या पावलाचे माप घेऊन माग शेजारच्या शिवेपर्यंत नेत असे आणि पुढच्या गावाच्या हवाली करीत असे. माग जेथे थांबे, त्या गावावर भरपाईचा भार पडे. आजचा कायदा असा नाही. अब्दुल रजाक मुर्तजा दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली श्वानाच्या मागाविषयीचे आक्षेप विचारात घेतले. श्वानाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून उलटतपासणी घेता येत नाही. माणसाचा जीव आणि स्वातंत्र्य श्वानाच्या अनुमानावर अवलंबून असू नये, हे ते आक्षेप होत. असा पुरावा ग्राह्य धरला तरी त्यास सामान्यतः फारसे वजन देता येत नाही, असे न्यायालयाचे मत पडले.

विज्ञानाचाही कौल सावधगिरीचाच आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. १८ प्रशिक्षित श्वाने व त्यांचे हस्तक यांना एका इमारतीत शोधासाठी पाठवले. तेथे गंध दडवला असल्याचे हस्तकांना सांगितले होते; वास्तविक कोठेही काहीही नव्हते. तरीसुद्धा १४४ फेऱ्यांपैकी अवघ्या २१ फेऱ्या खोट्या सूचनेवाचून पार पडल्या. हस्तकाला जेथे वस्तू असेल असे वाटे, तेथे श्वान थांबल्याची नोंद होत असे. हस्तकाचा समज जर एवढा परिणाम घडवतो, तर ‘त्याच्याच घराकडे न्या’ अशी कुजबुज करणाऱ्या जमावाचा परिणाम काय होईल, याचा विचार प्रत्येक पंचायत सदस्याने करावा. श्वान काम करीत असताना त्याच्यामागे गर्दी चालता कामा नये आणि कोणाचेही नाव घेतले जाता कामा नये.

श्वानाने दाखवलेली दिशा ही तपासाची सुरुवात असते. तिला चोरीचा माल, बोटांचे ठसे, साक्षीदार यांची जोड मिळाली तरच ती पुराव्यापर्यंत पोहोचते. ज्याच्या दारात श्वान थांबले, त्याच्या अंगाला कोणी हात लावणार नाही, त्याच्या मुलांना शाळेत कोणी टोमणे मारणार नाहीत, त्याचे काम बंद होणार नाही, याची हमी सरपंच, पोलीस पाटील आणि शिक्षक यांनी द्यावयाची आहे. मुके जनावर आपले काम प्रामाणिकपणे करते. त्याने न सांगितलेले त्याच्या तोंडी घालू नये, आणि त्याला जे सांगावयाचे आहे ते गर्दीच्या पायांखाली पुसू नये. एवढी शिस्त उंद्रीसारख्या गावांनी अंगी बाणवली, तर चोराला धाक बसेल आणि निरपराध्याला आपल्या गावात निर्भयपणे राहता येईल.