वेदीवरचे रोजचे लाकूड

(बुलढाणा येथे कार्यकर्ते व हितचिंतक यांच्यापुढे दिलेला संदेश)



आपण आदिवासी कार्यासाठी जमलो आहोत, मग वैयक्तिक भक्ती हा विषय कशाला, असे कोणाला वाटेल. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशी जे पाहिले त्यावरून सांगतो. पैसा कमी पडला तर कार्यकर्ता कसेबसे निभावून नेतो. आतला अग्नी विझला तर मात्र त्याचे पाय वस्तीकडे वळत नाहीत, आणि वळले तरी त्याच्याजवळ देण्यासारखे काही उरत नाही.

लेवीयाच्या सहाव्या अध्यायात वेदीवरच्या अग्नीविषयी आज्ञा आहे. तो विझू द्यायचा नाही. याजकाने रोज सकाळी त्यावर लाकडे रचायची. पुढे नवव्या अध्यायाच्या शेवटी आपण वाचतो की अग्नी परमेश्वरापासून आला. म्हणजे अग्नी देवाचा, पण लाकूड आणायचे याजकाने. शिबिरात, उपवास-प्रार्थनेत आपले मन पेटते आणि आपण समजतो की आता ते पेटलेलेच राहील. लाकूड न घालता कोणता अग्नी टिकतो?

आपल्याच महाराष्ट्रातले उदाहरण घ्या. १९०५ च्या जानेवारीत केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मुलींना रोज प्रार्थनेसाठी एकत्र येण्याचे आवाहन केले. जूनच्या अखेरीस तेथे मोठे संजीवन आले. त्याची साक्ष आपण अजून सांगतो. पण त्या दिवसाआधी सहा महिने रोजची प्रार्थना होती, हे विसरतो. आणि नंतर काय झाले, तेही क्वचितच सांगतो. रमाबाई इब्री आणि ग्रीक भाषांची पुस्तके घेऊन बसल्या. साध्या बायकांना समजेल अशा मराठीत सबंध पवित्र शास्त्र आणण्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, तरी ते काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. संजीवनाचा आवेश आणि व्याकरणाच्या पुस्तकापुढची चिकाटी, दोन्ही एकाच बाईच्या ठायी होती.

मग आपले रोजचे लाकूड कोणते? मी तीन गोष्टी सांगतो.

पहिली, ठरलेली वेळ. मार्कच्या पहिल्या अध्यायात कफर्णहूमात सगळे नगर दाराशी लोटले होते. तरी दुसऱ्या दिवशी प्रभू अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला. वस्तीवर उजाडले की कोणाचे तापाने फणफणलेले मूल असते, कोणाला जातीचा दाखला हवा असतो, कोणाच्या मुलीला आश्रमशाळेत घालायचे असते. ही कामे प्रभूचीच आहेत; पण ती प्रभूची जागा घेऊ शकत नाहीत. म्हणून त्यांच्या आधी उठा. पंधरा मिनिटे असोत, पण रोजची असोत.

दुसरी, राख काढणे. याजक लाकडे रचण्याआधी रात्रीची राख काढी. सहकाऱ्यावरचा राग, फुकट गेलेल्या खेपेची निराशा, कोणी आभार मानले नाहीत याची खंत, ही कालची राख आहे. ती साचली की वाचन कोरडे होते. रोज सकाळी नाव घेऊन ती प्रभूपुढे ठेवा आणि क्षमा करा. मगच शास्त्र उघडा.

तिसरी, भक्ती घराबाहेरही टिकली पाहिजे. दिवाळीनंतर कोरकू, भिलाला वस्त्यांतली कितीतरी घरे कुलूपबंद होतात. माणसे कापूस वेचायला, वीटभट्टीवर जातात आणि बरीच होळीला परततात. तिकडे ना मंडळी, ना पाळक. आपण त्यांना फक्त रविवारची उपासना शिकवली असेल, तर ती वस्तीतच राहते. दानीएलाजवळ बाबेलात मंदिर नव्हते, तरी दिवसातून तीनदा तो गुडघे टेकत होता. म्हणून निघण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाला एक वचन आणि एक गीत पाठ करून द्या. वाचता न येणाऱ्या आईलाही ते नेता येते. मोबाइलवर वचने भरून द्या. रात्री भाकरीआधी कोण प्रार्थना करील, ते घराघरात ठरवून घ्या. पण जे आपल्या घरात होत नाही, ते आपण त्यांना शिकवू शकणार नाही.

हितचिंतकांना एक विनंती. आपले हे पत्रक तीन महिन्यांनी येते; प्रार्थना तीन महिन्यांनी करून चालत नाही. एका वहीत सात दिवसांसाठी सात वस्त्यांची नावे लिहा. रोज एक वस्ती, तिथली मुले, तिथला कार्यकर्ता प्रभूपुढे आणा. कंटाळा येईल, मन भरकटेल. तरी त्या दिवशीचे लाकूड ठेवा. अग्नी पाठवणारा विश्वासू आहे.

हे प्रभू, आमच्या घरांत आणि सातपुड्याच्या वस्त्यांत तुझा अग्नी जळत ठेव, आणि रोज सकाळी लाकूड आणण्याचे बळ आम्हांला दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.