पाठमोरा बाप



बापलेकांचं भांडण झालं तर सगळ्या आळीला ऐकू जातं, पण त्यांचा अबोला शेजारच्या बिऱ्हाडालासुद्धा कळत नाही. आपल्या कितीतरी घरांत असा अबोला वर्षानुवर्षं सुखाने नांदत असतो. ‘आई, बाबांना सांग, फी भरायची आहे,’ असं मुलगा म्हणतो. ‘विचार त्याला, रात्री किती वाजता उगवणार आहे,’ असं वडील म्हणतात. दोघं एकाच खोलीत, आणि मधे आई पोस्टमनचं काम करते. कुणाच्या मनात वाईट नसतं. फक्त बोलायचं कसं, तेच दोघं विसरून गेलेले असतात.

अशाच एका बापलेकांच्या प्रवासाची गोष्ट आज सांगायची आहे. गोष्ट अमेरिकेतली आहे, आणि ती खरी घडलेली आहे.

वडिलांचं नाव रॉबर्ट पर्सिग. जन्म १९२८ चा, मिनिआपोलिस शहरातला. अतिशय बुद्धिमान माणूस. सैन्यातून सुटल्यावर हे गृहस्थ आपल्याकडे बनारस हिंदू विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकायलाही येऊन गेले. पुढे मोंटाना राज्यातल्या बोझमन गावी ते कॉलेजात लेखन शिकवू लागले. तिथे त्यांना एका प्रश्नाने पछाडलं. एखादी गोष्ट चांगली आहे असं आपण म्हणतो, तेव्हा ते ‘चांगलं’ म्हणजे नेमकं काय? या प्रश्नामागे ते असे धावले की झोप, नोकरी, संसार सगळं मागे राहिलं. १९६१ ते १९६३ या काळात त्यांना पुन्हा पुन्हा मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. विजेचे झटके देण्यात आले. ते बरे होऊन घरी आले, पण आधीच्या आयुष्यातलं बरंच काही पुसलं गेलं होतं.

त्यांचा थोरला मुलगा ख्रिस तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांचा. त्याच्या बाजूने विचार करून पाहा. घरी परत आलेला माणूस दिसायला बाबांसारखाच होता, आवाज तोच, हात तेच. पण आपले जुने बाबा कुठे गेले, हे त्या पोराला कुणी सांगितलं नाही. त्यालाही कुणाला विचारता आलं नाही.

१९६८ च्या जुलैत हे दोघं मोटरसायकलवरून निघाले. ख्रिस अकरा वर्षांचा होता. गाडी होती होंडाची ३०५ सीसी सुपर हॉक. मिनेसोटातून निघून डाकोटा, मोंटाना, आयडाहो, ओरेगॉन असं करत कॅलिफोर्नियाच्या समुद्रापर्यंत जायचं होतं. बोझमनपर्यंत एक मित्र आणि त्याची बायको दुसऱ्या मोटरसायकलवर बरोबर होती. तिथून पुढे बापलेक दोघेच. या प्रवासावर पर्सिग यांनी जे पुस्तक लिहिलं, ते १२१ प्रकाशकांनी नाकारलं आणि १९७४ साली प्रसिद्ध झाल्यावर त्याच्या लाखो प्रती खपल्या. ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ हे ते पुस्तक. त्यात काही तपशील बदललेले आहेत असं लेखकाने सुरुवातीलाच सांगून टाकलंय, पण गाभा खराच मानावा असंही म्हटलंय.

पुस्तकाची कीर्ती झाली ती त्यातल्या तत्त्वज्ञानामुळे. मला मात्र ते वाचताना सारखा मागच्या सीटवरचा मुलगा दिसत राहतो.

हे वडील गाडीच्या बाबतीत विलक्षण जागरूक आहेत. इंजिनाचा आवाज जरा बदलला की त्यांच्या कानाला कळतं. वाटेत थांबून ते टॅपेट बघतात, चेन बघतात. प्लग काळे पडले तर का पडले याचा विचार करतात. मित्राच्या गाडीचं हँडल ढिलं झालं, तर बिअरच्या डब्याचा पत्रा कापून त्याचं पॅकिंग घालू म्हणतात. मित्राला ते अगदीच गावठी वाटतं, ती गोष्ट वेगळी. यंत्राकडे असं आस्थेने लक्ष देणं हीसुद्धा एक साधनाच आहे, असं त्यांचं सांगणं आहे. आणि ते पटतं.

पण त्याच गाडीवर मागे बसलेल्या पोराचं पोट दुखतंय. तो मधेच रडतो, हट्ट करतो, जेवत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय की ही मनाच्या आजाराची सुरुवात असू शकेल. आपलं दुखणं पोराच्या वाट्याला आलं की काय, या भीतीने वडील आतून गारठलेले आहेत. भीती मोठी, म्हणूनच बोलणं कमी. मैलोन्मैल ते मनातल्या मनात व्याख्यानं देत जातात, ती वाचकाला ऐकू येतात. पोराला फक्त वारा ऐकू येतो. वाटेत दोघं एका डोंगरावर चढतात, तर वरून दगड घसरतील या भीतीने वडील माथा गाठण्याआधीच परत फिरतात. मुलगा हिरमुसतो.

आपल्याकडे एक दृश्य सगळ्यांच्या ओळखीचं आहे. लहान पोर बापाच्या स्कूटरवर पुढे उभं राहतं. दोन्ही बाजूंना बापाचे हात, तोंडावर वारा. जो रस्ता बापाला दिसतो, तोच पोराला दिसतो. पुढे पोर मोठं होतं, पुढे मावेनासं होतं आणि मागच्या सीटवर जातं. तिथून त्याला रस्ता दिसत नाही. दिसते ती बापाची पाठ आणि शर्टाची कॉलर. दोघं चाललेत एकाच गावाला, पण एकाला रस्ता दिसतो आणि दुसऱ्याला पाठ. अबोल्याची सुरुवात बहुधा इथेच कुठेतरी होत असावी.

प्रवासाच्या शेवटी कॅलिफोर्नियाचा किनारा येतो. उंच कडा, खाली समुद्र, सगळीकडे धुकं. वडील पोराला सांगतात की मी पूर्वी वेडा झालो होतो, पुन्हा होईन असं वाटतं, तू बसने घरी जा. पोर कोसळतं, हंबरडा फोडतं. मग इतकी वर्षं पोटात ठेवलेले प्रश्न एकदम बाहेर येतात. तुम्ही आम्हाला सोडून का गेलात? इस्पितळात काचेच्या दाराच्या आत उभे होतात, मग दार का उघडलं नाहीत? वडील सांगतात, मला उघडू देत नव्हते. पोराने इतकी वर्षं धरून ठेवलं होतं की बाबांना आपण नको होतो! आणि शेवटी तो विचारतो, तुम्ही खरंच वेडे होता का? वडील म्हणतात, नाही.

वैद्यकशास्त्राच्या हिशेबाने ते उत्तर बरोबर की चूक, हा वाद बाजूला ठेवू. आतापर्यंत हे वडील आपल्या जुन्या रूपाबद्दल परक्या माणसासारखं बोलत होते. त्याला त्यांनी वेगळं नावही दिलं होतं. त्या एका ‘नाही’ने त्यांनी कबूल केलं की तो माणूस मीच होतो. पोराला त्याचे हरवलेले बाबा सापडले. त्यानंतर दोघं हेल्मेट काढून गाडीवर बसतात. मुलगा मागच्या फूटरेस्टवर उभा राहतो, बापाच्या खांद्यावर हात ठेवतो आणि त्याला पहिल्यांदाच बापाच्या खांद्यावरून पुढचा रस्ता दिसतो.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. नोव्हेंबर १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत लुटारूंनी ख्रिसचा भोसकून खून केला. तेविसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर होता. पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्तीला पर्सिग यांनी जो मजकूर जोडला, त्यात ते आपला मुलगा गेला कुठे, हेच विचारत राहतात. पर्सिग २०१७ मध्ये गेले. ती होंडा आता स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयाकडे आहे.

तुम्ही म्हणाल, सतरा दिवस मुलाला घेऊन फिरायला आम्हाला सवड कुठे आहे? खरं आहे. पण त्या प्रवासातले सोळा दिवस तसे वायाच गेले होते, हेही लक्षात घ्या. डोंगर पाहून, नद्या ओलांडून काही जुळलं नाही. जुळलं ते मुलाने विचारलं आणि बापाने विषय न बदलता उत्तर दिलं तेव्हा. प्रवासाने एवढंच केलं की दोघांना एकमेकांपासून उठून दुसऱ्या खोलीत जाता येईना.

तेवढी सक्ती गावच्या एस.टी.च्या दोन सीटच्या बाकावरही होते, डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यावरही होते. आज घरोघरी काही मुलगे स्कूटर चालवतात आणि म्हातारे वडील मागे बसतात. आता पाठ मुलाची आहे. मागून एखादा प्रश्न आलाच, तर गाडी जरा हळू करावी आणि काय म्हणताहेत ते ऐकावं.