गाडी दुरुस्तीस देताना



गाडी गॅरेजमध्ये सोडून आपण घरी परततो. पुढे तिच्यावर कोणते काम झाले, हे आपणांस दिसत नाही. लबाडीला वाव मिळतो तो येथेच. एकदा माझ्या मोटारीचे ब्रेक दुरुस्त करण्यात आले. नवे लायनर बसविल्याचे सांगून पैसे घेतले गेले. आठच दिवसांत घाट उतरताना ब्रेक नीट लागेनात. कसेबसे खाली पोहोचलो. दुसऱ्या कारागिराने चाक उघडले, तो आत जुनेच झिजलेले लायनर! दाद मागावी, तर हाती ना बिल, ना कसला कागद.

म्हणून चार पथ्ये पाळावीत. कामाचा तपशील व अंदाजी खर्च आधी लेखी घ्यावा. ठरल्याबाहेरचे काम विचारल्याशिवाय करू नये, असे त्यावर नमूद करावे. बदललेले जुने भाग परत मागावेत. सुटे भाग व मजुरी वेगवेगळी दाखविणारे बिल घ्यावे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सेवेतील त्रुटीबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मार्गदर्शन मिळते.

शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी ही माहिती गावोगाव पोहोचवावी. प्रामाणिक कारागीर कागदाला भीत नाही. तो कागद त्याच्याही सचोटीची साक्ष असतो.