अर्ज आईचा, हिशेब मुलींचा

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील कार्यकर्त्या आणि बचत गटांच्या सभासद यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या बैठकीचा विषय कळल्यावर तुमच्यातल्या काहीजणींनी विचारलं की परदेशच्या व्हिसाचा आणि आपला काय संबंध? पोटगी, मारहाण, दारू, जमिनीचा वाटा हे आपले विषय. व्हिसा हा पुण्या-मुंबईच्या लोकांचा प्रश्न. पण जरा आपापल्या गावाकडे पाहा. नीरा डाव्या कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे साखर कारखाने उभे राहिले. कारखान्यांमागोमाग शाळा-कॉलेजं आली. त्यातून शिकलेली मुलं आधी पुण्याला गेली आणि तिथून अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला पोचली. शिक्षणासाठी कुणी एकर-दोन एकर विकलं, कुणी आईचे दागिने गहाण ठेवले. आता गावात बंगला आहे आणि बंगल्यात एकटी म्हातारी आहे. नवरा गेलेला, गुडघे धरलेले, मुलगा रविवारी फोनवर दिसतो.

अशा घरातून माझ्याकडे एकच प्रश्न येतो, "ताई, आईला कायमचं तिकडं नेता येईल का?" आणि हा प्रश्न घेऊन बहुतेक वेळा मुलगा येत नाही, म्हातारीही येत नाही. येते ती जवळच्या गावात दिलेली मुलगी. रोज संध्याकाळी आपल्या घरचं आवरून आईचं जेवण करायला जाणारी. म्हणून मला वाटतं, हा विषय आपलाच आहे.

आधी नियम समजून घेऊ. प्रत्येक देशाचा नियम वेगळा आहे, पण सगळ्यांच्या मनात भीती एकच. म्हातारं माणूस आलं की दवाखान्याचा खर्च आपल्या खजिन्यावर पडेल.

इंग्लंडचा नियम सगळ्यात कडक. २०१२ च्या आधी तिथं स्थायिक झालेल्या मुलाला किंवा मुलीला पासष्ट वर्षांवरच्या विधवा आईला नेता येत असे. आई मुख्यतः त्याच्या पैशावर जगत असली पाहिजे आणि मायदेशी पैशाची मदत करू शकेल असं दुसरं जवळचं नातेवाईक नसलं पाहिजे, अशी अट होती. ९ जुलै २०१२ पासून हे बदललं. आता आई इतकी आजारी, अपंग किंवा थकलेली असली पाहिजे की आंघोळ, कपडे, स्वयंपाक अशी रोजची कामंसुद्धा तिला दुसऱ्याच्या मदतीशिवाय जमत नाहीत. शिवाय मुलानं पैसे पाठवूनही तशी सेवा इथं मिळू शकत नाही किंवा परवडत नाही, हे सिद्ध करायचं. अर्जाचं शुल्कच तीन हजार पौंडांहून जास्त, आणि अर्ज नाकारला तर ते परत मिळत नाही.

यातली मेख लक्षात घ्या. मुलगा चांगला कमावत असेल तर अधिकारी म्हणतो, मग पैसे पाठवून बाई ठेवा. कमावत नसेल तर म्हणतो, मग आईला इथं कसं पोसणार? कारण आईचा पाच वर्षांचा सगळा भार उचलण्याची लेखी हमी मुलाला द्यावी लागते. ब्रिटसिट्स नावाच्या संघटनेनं या नियमाला कोर्टात आव्हान दिलं. २०१७ साली तिथल्या अपील न्यायालयानं नियम कायम ठेवला.

पण मला तुमचं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे वेधायचं आहे. जुना नियम विचारत होता, "गावाकडं पैसे देऊ शकेल असं कोण आहे?" नवा नियम विचारतो, "गावाकडं सेवा करू शकेल असं कोण आहे?" जुन्या प्रश्नात आपली मुलगी कुठंच नव्हती, कारण तिच्या हातात पैसा नव्हता. नव्या प्रश्नात ती पहिल्या नंबरावर आहे. मुलगी, बहीण, नात, सगळ्यांची नावं विचारली जातात. म्हणजे भवानीनगरला दिलेली लेक रोज येऊन आईला आंघोळ घालते, हे भावाच्या अर्जाविरुद्धचा पुरावा होतं. तिला त्या कामाचा एक रुपया मिळत नाही. तिला कुणी विचारलेलंही नाही की बाई, तुला हे आणखी किती वर्षं जमेल? तिचं जमणं गृहीत धरलं जातं.

ऑस्ट्रेलियानं तर सरळ मोजणीच लावली आहे. आईबापांची किमान निम्मी मुलं त्या देशात कायमची राहणारी असली पाहिजेत, किंवा दुसऱ्या कुठल्याही एका देशापेक्षा तिथं जास्त असली पाहिजेत. समजा एक मुलगा मेलबर्नला आहे, एक मुलगी इंदापुरात आणि एक दौंडला. तीनपैकी दोन भारतात. अर्ज संपला. त्या दोन मुली आईला सांभाळू शकतात का, त्यांच्या घरी जागा आहे का, सासरचे चालवून घेतील का, हे कुणी विचारत नाही. आणि मोजणीत बसलात तरी साध्या व्हिसाची रांग तीस वर्षांच्या घरात आहे. सत्तरीच्या बाईला तीस वर्षांची रांग! रांग कमी हवी तर माणशी चाळीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त भरायचे, आणि तिथंही बरीच वर्षं थांबायचंच.

कॅनडात आईवडिलांना कायमचं नेण्याची योजना आहे, पण ती सोडतीवर चालते. २०२० साली ज्यांनी नावं नोंदवली त्यांच्यातूनच २०२५ पर्यंत बोलावणी निघत राहिली. नंबर लागलाच तर मुलाला तीन वर्षांचं पुरेसं उत्पन्न दाखवावं लागतं आणि, क्वेबेक प्रांत सोडला तर, वीस वर्षांच्या पोषणाची हमी द्यावी लागते. त्याऐवजी 'सुपर व्हिसा' मिळतो. त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण एक लाख डॉलरचा आरोग्य विमा स्वतःच्या खर्चानं काढून.

अमेरिकेचा नियम ऐकायला सगळ्यात सोपा. एकवीस वर्षांवरचा नागरिक आईवडिलांसाठी अर्ज करू शकतो आणि त्याला संख्येची मर्यादा नाही. पण तो नागरिक हवा. नुसतं ग्रीन कार्ड असलेल्या मुलाला आईसाठी अर्ज करता येत नाही. आणि आपल्याकडच्या इंजिनिअर मुलांना ग्रीन कार्डसाठीच वर्षानुवर्षं, काहींना दशकं थांबावं लागतं. तोपर्यंत आई पाहुणी म्हणून जाणार, साधारण सहा महिने राहणार आणि परत येणार.

पाहुणी म्हणून ती कधी जाते ते तुम्हाला माहीत आहे. सुनेचं बाळंतपण असतं तेव्हा. डिंकाचे लाडू बांधून, बाळाला तेल लावायला, सहा महिने. ते झालं की सुनेची आई सहा महिने. बाळंतपण काढायला म्हातारी चालते. तिचं म्हातारपण काढायची वेळ आली की कायदा आडवा येतो.

आता ज्या बायका या नियमांना दिसतच नाहीत त्यांच्याबद्दल. आपल्या किती घरांत परित्यक्ता आत्या आहे! नवऱ्यानं टाकलं, माहेरी आली, भावाची पोरं तिनं वाढवली. त्यातला एक परदेशी गेला. आईवडील वारले, आत्या उरली. त्याच्या मनात तिची जागा आईची आहे. पण अमेरिकेच्या कायद्यात आत्यासाठी रकानाच नाही. इंग्लंडमध्ये अगदी अपवादात्मक परिस्थितीत एकट्या आत्या-मावशीचा विचार होत असे, तो २०१२ मध्ये काढून टाकला. ऑस्ट्रेलियात वृद्ध अवलंबित नातेवाइकाचा एक प्रकार आहे, पण त्यात नवरा नसला पाहिजे, किंवा त्याच्यापासून कायमची वेगळी झाल्याचा पुरावा पाहिजे. आपल्या आत्याकडे घटस्फोटाचा कागद कुठला? चाळीस वर्षांपूर्वी नवऱ्यानं एसटीत बसवून दिलं, तोच तिचा घटस्फोट. परित्यक्तांच्या चळवळीनं शिधापत्रिकेवर स्वतंत्र नाव मागितलं होतं ते उगाच नव्हे. कागदावर नसलेली बाई इथंही नसते आणि तिथंही नसते.

कागदांचं आणखी एक. आपल्यात लग्नात मुलीचं बापाचं नाव जातं, आडनाव जातं, काही घरांत तिचं स्वतःचं नावसुद्धा बदलतात. शाळेच्या दाखल्यावर एक बाई, शिधापत्रिकेवर दुसरी, सातबाऱ्यावर तिसरी, मुलाच्या जन्मदाखल्यावर चौथी. परदेशी अधिकाऱ्याला पटवायचं की या चौघी एकच, आणि हीच या मुलाची आई. त्यासाठी प्रतिज्ञापत्रं, राजपत्रातली प्रसिद्धी, जन्माची नोंद नसल्याचे दाखले, आणि तालुक्याला हेलपाटे. ते कोण घालतं? पुन्हा मुलगीच.

कुणी म्हणेल, मुलींनी आईबापांना सांभाळू नये असं तुमचं म्हणणं आहे का? मुळीच नाही. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयात एक महत्त्वाचा खटला झाला, तो आपल्या महाराष्ट्रातला, कल्याणचा. डॉक्टर असलेल्या विवाहित मुलीकडून वडिलांनी निर्वाहखर्च मागितला होता. लग्न झालं तरी, ऐपत असेल तर मुलीचीही मुलाइतकीच जबाबदारी आहे, असं न्यायालयानं सांगितलं. हा विजया अरबट खटला. समतेची भाषा करणाऱ्या आपण हे मान्यच केलं पाहिजे. पण मग समता दोन्ही बाजूंनी हवी. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि केंद्रानं २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांसारखा हक्क दिला. प्रत्यक्षात काय होतं? बाप गेल्यावर तेराव्याच्या आत हक्कसोडपत्र तयार असतं. "तुला तुझ्या घरी काय कमी आहे?" म्हणून सही घेतात. सही करताना मुलगी परक्या घरची आणि आई अंथरुणाला खिळली की तीच रक्ताची. इथले नातेवाईकही तसंच मोजतात आणि लंडनचा अधिकारीही तसंच मोजतो.

आणि सून? ती तर कुठल्याच हिशेबात नाही. अमेरिकेत सुनेला सासूसाठी अर्ज करता येत नाही, मुलानंच करायचा. पण घरातलं उत्पन्न कमी पडलं तर हमीसाठी सुनेचा पगार जोडता येतो, आणि सासू आल्यावर तिचं पथ्यपाणी बघायला कोण, हे वेगळं सांगायला नको.

आपल्या देशात २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे. प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, वकिलाची गरज नाही, महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. हा कायदा परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे. पण गंमत बघा. अमेरिकेत आईसाठी अर्ज करायला मुलाला तिथला नागरिक व्हावं लागतं, आणि तिथला नागरिक झाला की तो भारताचा नागरिक राहत नाही. ज्या दिवशी त्याला आईला बोलवायचा हक्क मिळतो, त्याच दिवशी इथल्या कायद्याचा हात त्याच्यापर्यंत पोचणं अवघड होतं. इंदापूरची मुलगी मात्र कायद्याच्या हाताशीच असते.

मग करायचं काय? परदेशचे कायदे आपण बदलू शकणार नाही. पण घरातला हिशेब बदलू शकतो.

मुलानं अर्ज करायच्या आधी सगळ्या भावंडांनी आईसमोर बसून बोलावं. आईला खरंच जायचं आहे का, हे आधी तिलाच विचारावं. जिथं भाषा येत नाही, शेजारीण नाही, गाडीशिवाय देवळातही जाता येत नाही, तिथं जायचं की नाही हे तिनं ठरवायचं.

"आता तिकडंच राहायचं" म्हणून घर-जमीन विकू नका. व्हिसा नाकारला गेला किंवा तिथं पटलं नाही तर परतायला छप्पर हवं. मालमत्ता मुलाच्या नावावर करायचीच असेल तर "मला सांभाळण्याच्या अटीवर" हे वाक्य दस्तात लिहून घ्या. अट पाळली नाही तर २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली तो व्यवहार रद्द करून मागता येतो. तोंडी वचनावर विसंबू नका.

इथं राहून सांभाळणाऱ्या मुलीच्या कामाची किंमत धरा. भाऊ पैसे पाठवतो, ते आईच्या औषधांना. मुलीचा एसटीचा खर्च, बुडालेला रोज, तिची स्वतःची दुखणी यांचं काय? बहिणीला ओवाळणी नको, वाटा हवा, हे तिनं स्पष्ट म्हणावं. हक्कसोडपत्रावर सही मागितली तर आईचं कोण करणार हा प्रश्न त्याच बैठकीत विचारावा.

आणि सेवेला बाई ठेवली तर तीही आपल्यातलीच आहे. चोवीस तास राबणाऱ्या त्या बाईला ठरलेला पगार, आठवड्याची सुट्टी आणि रात्रीची झोप मिळाली पाहिजे. एका बाईची सुटका दुसरीच्या पाठीवर नको.

शेवटी, आपल्या सरकारकडे मागणी आपणच करायची. तालुक्याच्या गावी वृद्धांसाठी दिवसभराचं केंद्र, घरी येणारी परिचारिका, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी आधार, हे नसेल तर सेवा म्हणजे मुलगी आणि मुलगी म्हणजे फुकट, हा हिशेब इथंही चालू राहील आणि परदेशच्या कचेऱ्यांतही. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपल्या गावात अशा एकट्या राहणाऱ्या किती बायका आहेत आणि त्यांचं कोण करतं, याची यादी घेऊन या. त्यात करणारीचं नाव वेगळ्या रकान्यात लिहा. आजवर तो रकाना कुणी आखलेला नाही.