एकटेपण आणि एकाकीपण



ह्या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं आजवर किती बाप्तिस्मे झाले, किती विवाह लागले, ह्याची गणना आपण ऐकिलीच. आम्ही आज अशा एका गोष्टीकडे वळतों, कीं जिची नोंद आमच्या कोणत्याही वहींत होत नाहीं. ती गोष्ट म्हणजे एकाकीपण.

मानसशास्त्रज्ञांनींही हिच्याकडे उशिरांच लक्ष दिलें. १९७३ सालीं रॉबर्ट वाइस ह्यांनीं एकाकीपणाचे दोन प्रकार सांगितले. जिवलग माणूस हरपल्यानें येणारें एक, व गणगोत, स्नेही नसल्यानें येणारें दुसरें. आणि एकाची उणीव दुसऱ्यानें भरून निघत नाहीं. पति निवर्तल्यावर भरल्या घरांतही विधवेस पोकळी कां भासते, हें ह्यावरून उमगतें. १९७८ सालीं कॅलिफोर्नियांत वीस विधानांची मोजपट्टी तयार झाली, आणि मग संशोधनाचा ओघ वाढला. पुढें दृष्टि मनावरून देहाकडे वळली. ज्यूलियन होल्ट-लन्स्टॅड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१० सालीं १४८ अभ्यास एकत्र तपासले. दृढ संबंध असलेल्या माणसांची जगण्याची शक्यता सुमारें ५० टक्क्यांनीं अधिक आढळली. आपल्या देशांतही मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनें २०१७-१८ त ४५ वर्षांवरील सुमारें ७२,००० माणसांची पाहणी केली. तींत एकटें वाटतें काय, हाही एक प्रश्न होता. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२५ सालीं जगांतील दर सहांपैकीं एक मनुष्य एकाकी असल्याचें सांगितलें.

परंतु आम्हांस विचारांत पाडिलें तें २०११ सालच्या एका परीक्षणानें. उपायांची तुलना करितां असें दिसलें, कीं लोकांस नुसतें एकत्र जमविल्यानें फारसा गुण येत नाहीं. एकाकी मनुष्यास 'मी कोणास नकोच' असें वाटूं लागतें. तो विचार पालटण्याचे उपाय अधिक फळास आले. आम्हीं तर आजवर जमविण्याचेंच काम केलें!

आमच्या उमरेडांत एक वृद्ध आजी आहेत. त्यांचा मुलगा नागपुरास असतो. छोट्या रेल्वेनें तो दर शनिवारीं येई. ती गाडी २०१९ च्या नोव्हेंबरांत रुळांच्या रुंदीकरणासाठीं बंद झाली, आणि येणेंही विरळ झालें. आजी स्नेहभोजनास येईनाशा झाल्या, तेव्हां त्या रुसल्या असाव्यात असें आम्हीं मानिलें. शेवटीं घरीं गेलों. त्या म्हणाल्या, "फादर, तुम्ही सारे विचारतां, आजी, बरं आहे ना? अन् उत्तर ऐकायच्या आधींच पुढें जातां."

शास्त्रज्ञ म्हणतात, विचार पालटावा. पण आजींचा विचार चुकीचा नव्हता. तो आमच्या वागणुकीवरून त्यांनीं बरोबर काढिला होता. तेव्हां पालटावयाचें कोणी?

दर रविवारीं दुपारीं त्यांच्याकडे जाण्याचें आम्हीं कबूल केलें. दोन वेळां गेलों. तिसऱ्या वेळीं ह्याच महोत्सवाच्या तयारीची सभा होती, म्हणून राहिलें. आज त्या येथें आलेल्या नाहींत.