कोणाच्या मापाचं यंत्र?

(वणी, जि. नाशिक येथील महिला मेळाव्यातील भाषण)



विहिरीत पडून माझा मणका मोडला, त्याला पंधरा वर्षं झाली. तेव्हापासून मी चाकाच्या खुर्चीत आहे. परवा भाच्याने मोबाईलवर दाखवलं : कमरेला नि पायांना बांधायचं यंत्र. मोटारी खुबे-गुडघे हलवतात, माणूस उभा राहून चालतो. ‘मावशी, तूपण चालशील!’

मला रडू आलं. मग चौकशी केली. ‘रीवॉक’ नावाचं असं यंत्र अमेरिकेत २०१४ साली घरी वापरायला मान्य झालं. त्याला माणूस १६० ते १९० सेंटिमीटर उंच लागतो. आपल्याकडे बाईची सरासरी उंची १५२च्या आसपास. मी १४९! माप कोणाचं घेतलं होतं? शिवाय दोन्ही हातांत कुबड्या. मग हंडा कोण उचलणार, लेकरू कोण घेणार?

मी यंत्राच्या विरोधात नाही. ते यावं, आपल्या मापाचं यावं, सरकारी दवाखान्यात मिळावं. पण तोवर काय? शेजारी सप्तशृंगी गडावर २०१८पासून ट्रॉली आहे. पायऱ्या चढवत नाहीत त्या बायकाही वर जातात. सरकारी इमारतीत सहज जाता येणं हा २०१६च्या अपंग हक्क कायद्याने आपला हक्क आहे. तरी दाखल्यासाठी गेले, तेव्हा एका कचेरीच्या तीन पायऱ्यांवरून मला दोन परक्या पुरुषांनी उचलून नेलं. तिथे उतार बांधायला रोबो लागत नाही.

गावातल्या प्रत्येक कचेरीला उतार हवा, असा ठराव ग्रामसभेत मांडायचाय. याल ना माझ्याबरोबर?